वणेकाठची पन्नी कुठवर जाते?

पावसाळा ओसरला की हिंगणघाटच्या वणा नदीच्या काठावर एक खूण दिसू लागते. बेशरमाच्या झुडपांना, बाभळीच्या काट्यांना पन्न्यांच्या चिंध्या लटकलेल्या असतात आणि त्या सगळ्या जवळपास एकाच उंचीवर. यंदा पूर कुठवर चढला होता, हे विचारायला कुणाकडे जायला नको. त्यातली एक काढून हातात घ्या. वीतभरही नसते. खर्रा घोटून झाल्यावर मारलेला पीळ अजून तसाच. भंगारवाला पाण्याची बाटली उचलतो, ही उचलत नाही. किलोभर जमवायला किती वाकावं लागेल, हे त्याला माहीत आहे.

ही पन्नी झुडपात अडकली नसती, तर कुठे गेली असती? वणेतून वर्धा नदीत. पुढे घुग्घुसजवळ पैनगंगा येऊन मिळते, मग वैनगंगा भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. तिथून मेडीगड्ड्याचा बंधारा, भद्राचलम, पापीकोंडलूच्या डोंगरांमधली अरुंद घळ, आर्थर कॉटनने 1852 मध्ये जिथे बंधारा पूर्ण केला ते धवळेश्वरम, आणि मग बंगालचा उपसागर. सरळ रेषेत मोजलं तरी हिंगणघाटपासून पाचशे किलोमीटरच्या वर! समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातची पन्नी तिथवर जाऊ शकते.

जाऊ शकते, पण बहुतेक वेळा जात नाही. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. जगातल्या दहाएक मोठ्या नद्याच नद्यांतलं बहुतेक प्लास्टिक समुद्रात नेतात, असं 2017 च्या एका अभ्यासातून पुढे आलं होतं. 2021 मध्ये संशोधकांनी पाऊस, उतार, वस्ती आणि समुद्राचं अंतर असा सगळा हिशेब पुन्हा मांडला. तेव्हा चित्र पालटलं. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के वाटा हजाराहून अधिक नद्यांचा निघाला, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्याच जोरात होत्या. आपली उल्हास नदी त्या यादीत अगदी वरच्या ओळींत आहे. लांबीला लहान, पण बदलापूर-कल्याणची गर्दी काठावर आणि खाडी लगेच पुढे.

वणेपासून समुद्र मात्र फार लांब, म्हणून इथली बहुतेक पन्नी वाटेतच राहते. मग ती जाते कुठे? काठाला, डोहाच्या गाळात, पुराखाली येणाऱ्या वावरांत. ऊन-पाण्याने तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. समुद्र वाचतो, पण आपली काळी माती वाचत नाही.

अडवायची कशी, याची उत्तरं मात्र मोठी सुंदर आहेत. नदीवर तरंगता अडसर आडवा, अगदी काटकोनात बांधला, तर कचरा मधोमध साचतो, पाण्याचा दाब वाढतो आणि सगळं खालून निसटतं. तोच तिरका बांधा. सूप जरा तिरकं धरलं की खडे एका कडेला येतात ना, तसं पाणी स्वतःच कचरा ढकलत काठाशी आणून ठेवतं. इंजिन नको, वीज नको, आणि मासे खालून निवांत जातात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 2014 पासून एक चाक प्रवाहाच्या जोरावर फिरतं आणि कचरा वर उचलतं. आपलं रहाटगाडगंच म्हणा, फक्त पोहऱ्यात पाणी येत नाही. प्रवाह मंद असला तर सूर्याची वीज पंप चालवून त्या चाकावर पाणी सोडते. ॲमस्टरडॅममध्ये 2019 साली कालव्याच्या तळाशी भोकं पाडलेली नळी तिरकी टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा केला. त्यातून बोटी जातात, प्लास्टिक कडेला सरकतं. मुंबईतही नाल्यांवर तरंगते अडसर लावलेले आहेत.

तरीही खर्ऱ्याची पन्नी या सगळ्यांना गुंगारा देऊ शकते. बूच घट्ट लावलेली बाटली वर तरंगते, तिला पकडणं सोपं. बूच नसलेली बाटली पाण्याने भरते आणि बुडते, कारण तिचं प्लास्टिक पाण्याहून जड असतं. पन्नीचं प्लास्टिक हलकं असतं, पण ती इतकी पातळ की पुराचे भोवरे तिला सहज खाली ओढतात आणि ती पाण्याच्या पोटात फिरत राहते. फुगलेल्या वणेत तिच्यामागे धावून उपयोग नाही.

म्हणून तिला गाठायची जागा वणा नाहीच. ती जागा आहे गावातला नाला. तिथे पात्र काही हातांचं, पाणी उथळ, आणि जाळी तळापर्यंत सोडता येते. उन्हाळाभर नालीत साचलेलं सगळं पहिल्या मोठ्या पावसात एकदम निघतं, त्यामुळे पहिले काही पूर सांभाळले तरी बरंच काही हाती लागतं. जाळी मात्र रोज उपसावी लागेल. तुंबली तर पाणी घरांत शिरेल; नाले तुंबले की काय होतं, हे 26 जुलै 2005 ला मुंबईने भोगलं आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी 2018 पासून आहे, तरी पन्नी नालीत पडतेच आहे.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. हिंगणघाटकरांनो, त्याच्या आधी आपल्या मोहल्ल्याचा नाला वणेला नेमका कुठे मिळतो, तेवढं एकदा चालत जाऊन पाहा, आणि त्या तोंडाशी जाळी लावायची मागणी नगरपरिषदेकडे करा.