आठ वादकांच्या रचना: संज्ञा आणि स्वरूप

पाश्चात्त्य अभिजात संगीतात आठ जणांसाठी लिहिलेल्या रचनेला इंग्रजी व जर्मन भाषांत ‘ऑक्टेट’, तर इटालियनमध्ये ‘ओत्तेत्तो’ म्हणतात. या संज्ञांतून केवळ संख्या कळते. आठ वादकांमधले नाते मात्र प्रत्येक कालखंडाने निराळे कल्पिले, आणि या प्रकाराचा खरा इतिहास त्या नात्याचाच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाते जोड्यांचे होते. दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बसून अशा सुषिर वाद्यांच्या ताफ्याला ‘हार्मोनी’ आणि त्याच्या संगीताला ‘हार्मोनीमुझिक’ म्हणत. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1782 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात असा ताफा नेमला आणि त्याच वर्षी मोत्सार्टने सहा वाद्यांसाठी रचलेल्या आपल्या सेरेनेडमध्ये दोन ओबोंची भर घालून ती आठांची केली. भोजनप्रसंगी वा बागेत वाजणाऱ्या अशा रचनांना ‘सेरेनेड’, ‘दिव्हर्तिमेंतो’ किंवा ‘पार्तिता’ ही नावे असत. बेथोव्हनने 1792 च्या सुमारास बॉनमध्ये लिहिलेली अशीच एक रचना त्याच्या मृत्यूनंतर, 1830 मध्ये, ऑक्टेट म्हणून छापली गेली.

‘दुहेरी चौकडी’ म्हणजेच ‘डबल क्वार्टेट’ ही संज्ञा लुई श्पोरने 1823 पासून रचलेल्या चार कृतींमुळे रुजली. तीत दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांचे दोन स्वतंत्र गट समोरासमोर येतात आणि एकाने मांडलेल्या स्वरवाक्याला दुसरा उत्तर देतो.

नेमकी हीच आठ तंतुवाद्ये घेऊन फेलिक्स मेंडेलस्झोनने 1825 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, व्हायोलिनशिक्षक एडुआर्ड रिट्झ यांना भेट देण्यासाठी जे ऑक्टेट लिहिले, त्यात गटांची ही भिंत उरली नाही. अंतिम भागाचा आरंभ दुसऱ्या चेलोच्या खर्जातल्या वेगवान स्वरावलीने होतो. तीच स्वरावली एकेक वाद्य उचलत जाते आणि पहिल्या व्हायोलिनपर्यंत पोहोचेतो आठही आवाज एकमेकांत गुंफले जातात. एकच सुरावट क्रमाने निरनिराळ्या वाद्यांत आणण्याच्या या पद्धतीला ‘फ्यूगातो’ म्हणतात. वादकांनी सिम्फनीच्या थाटात वाजवावे, अशी सूचनाही संगीतकाराने दिली आहे.

तिसरी वाट मिश्र वाद्यांची. शूबर्टच्या 1824 मधील ऑक्टेटमध्ये क्लॅरिनेट, बसून व हॉर्न यांच्या जोडीला पाच तंतुवाद्ये आहेत. क्लॅरिनेटवादक फर्डिनांड ट्रॉयर यांना बेथोव्हनच्या सात वाद्यांच्या ‘सेप्टेट’सारखी कृती हवी होती, शूबर्टने तिचे सहा भाग कायम ठेवून एक व्हायोलिन वाढवले. पुढे 1923 मध्ये स्ट्राविन्स्कीने बासरी, क्लॅरिनेट, दोन बसून, दोन ट्रंपेट आणि दोन ट्रॉम्बोन निवडून तंतुवाद्यांना पूर्ण रजा दिली.

म्हणूनच ऑक्टेट ऐकताना वादक मोजून थांबणे पुरेसे नाही. ते जोड्यांत बांधलेले आहेत, दोन चौकड्यांत विभागलेले आहेत, की प्रत्येकाला स्वतंत्र आवाज आहे, हे कानाने ओळखता आले की या रचनांचे सौंदर्य उलगडू लागते.