परक्या देशातला जुलूम आणि क्रॉयडनचा खासदार

ब्रिटनमध्ये परराष्ट्रधोरण ठरवण्याचा अधिकार संसदेकडे नाही. परकीय राज्याला मान्यता देणे, राजदूत धाडणे किंवा परत बोलावणे, करारांच्या वाटाघाटी करणे या साऱ्या गोष्टी राजसत्तेच्या जुन्या विशेषाधिकारात मोडतात आणि राजाच्या नावाने तो अधिकार मंत्रिमंडळ वापरते. त्यामुळे एखाद्या देशात पत्रकार तुरुंगात पडले, अल्पसंख्याकांची घरे जाळली गेली किंवा निवडणुका नावापुरत्या उरल्या, तर कॉमन्स सभागृहाला तिथल्या सरकारला काही सांगता येत नाही हे उघडच आहे. पण आपल्याच सरकारने त्या सरकारशी कसे वागावे हेही सभागृहाला ठरावाने बांधून देता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खासदाराच्या हाती उरते ते मंत्र्याला बोलते करणे आणि तो जे बोलला ते कायमचे नोंदवून ठेवणे. हे साधन दुबळे वाटते आणि बरेचदा ते दुबळे ठरतेही. त्याचा जोर कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे पाहण्यासाठी लंडनच्या दक्षिण टोकावरचे क्रॉयडन सोयीचे आहे, कारण प्रश्नाची दोन्ही टोके तिथे एकत्र येतात. क्रॉयडन साउथचे खासदार सर रिचर्ड ऑटवे २०१० ते २०१५ या काळात कॉमन्सच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. आणि त्याच क्रॉयडनच्या मध्यवस्तीत, वेलेस्ली रोडवर, गृहखात्याची लूनर हाउस ही वीस मजली इमारत उभी आहे, जिथे जुलमापासून पळून आलेली माणसे आश्रयासाठी नाव नोंदवतात.

खासदाराजवळची साधने महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे कामकाज वाचणाऱ्याला फारशी अनोळखी वाटू नयेत. परराष्ट्रमंत्र्याला साधारण पाच आठवड्यांतून एकदा सभागृहात तोंडी प्रश्नांना सामोरे जावे लागते, ते आपल्याकडील तारांकित प्रश्नांसारखे; लेखी उत्तराचे प्रश्न अतारांकित प्रश्नांसारखे असतात आणि ते वाटेल तितके विचारता येतात. एखादी घटना ताजी असताना सभापतींची परवानगी मिळवून मंत्र्याला त्याच दिवशी सभागृहात हजर करणारा तातडीचा प्रश्न हा आपल्या लक्षवेधी सूचनेचा भाऊबंद म्हणता येईल. याखेरीज ‘अर्ली डे मोशन’ नावाचे एक निवेदन असते, ज्यावर खासदार सह्या करतात आणि ज्यावर चर्चा जवळजवळ कधीच होत नाही. मतदारसंघातल्या मंडळींना दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग बेताचाच. खरे बळ समित्यांत आहे. प्रत्येक खात्यावर नजर ठेवणारी सर्वपक्षीय समिती साक्षीदार बोलावते, कागदपत्रे मागवते आणि अहवाल प्रसिद्ध करते, आणि त्या अहवालाला सरकारने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे असा संकेत आहे. २०१० पर्यंत या समित्यांवर कोण बसणार हे पक्षांचे प्रतोद पडद्याआड ठरवत असत. त्या वर्षी प्रथमच बहुतेक अध्यक्षांची निवड सर्व खासदारांच्या गुप्त मतदानाने झाली. ऑटवे हे या नव्या पद्धतीने निवडले गेलेले अध्यक्ष असल्याने, सत्ताधारी हुजूर पक्षाचे असूनही, त्यांना पंतप्रधानांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नव्हते.

समितीपुढे येणाऱ्या साक्षीला संसदेचे कायदेशीर संरक्षण असते आणि गरज पडल्यास साक्षीदाराचे नाव झाकूनही ती स्वीकारता येते. या तरतुदीचे मोल मराठी वाचकाला १८९७ सालच्या पुण्यावरून नेमके कळेल. त्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनमध्ये होते, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती चालली होती, आणि तिथून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये मांडला आणि खासदारांच्या कानावर घातला. प्रश्न कॉमन्समध्ये पोचला. भारतमंत्र्याने मुंबई सरकारकडे विचारणा केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे गोखल्यांना शक्य नव्हते आणि नावांवाचून पुरावा उभा राहत नव्हता, म्हणून मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप करणाऱ्याकडे साक्षीदार आहेत पण त्यांना पुढे आणता येत नाही, हा पेच तेव्हापासून आजवर बदललेला नाही. बदलले आहे ते एवढेच, की निदान वेस्टमिन्स्टरच्या चार भिंतींत त्या साक्षीदारासाठी आता आडोसा आहे. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र तो आडोसा त्याच्या कामी येत नाही.

ब्रिटिश परराष्ट्र खाते १९९८ पासून जगातील मानवाधिकारांच्या स्थितीवर वार्षिक अहवाल काढते. ही प्रथा रॉबिन कुक परराष्ट्रमंत्री असताना सुरू झाली आणि परराष्ट्र व्यवहार समिती त्या अहवालाची चिकित्सा करू लागली. कोणत्या देशाला ‘चिंताजनक’ देशांच्या यादीत घालायचे आणि कोणाला सौम्य शब्दांत सोडून द्यायचे, यातच खात्याचे खरे धोरण दिसते, आणि ऑटवे यांच्या समितीने नेमके त्यावर बोट ठेवले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सौदी अरेबिया आणि बहरीन यांच्यावरील अहवालात तिने सांगितले की बहरीनमध्ये २०१४ च्या आरंभापर्यंत ठोस सुधारणा दिसली नाही तर त्याला त्या यादीत टाकावे. ही चौकशी जाहीर होताच सौदी अधिकाऱ्यांनी अपमान झाल्याची भावना बोलून दाखवली होती आणि ब्रिटनशी असलेल्या संबंधांचा फेरविचार करण्याची भाषा केली होती. खात्याने पुढच्या अहवालात बहरीनला यादीत घातले नाही. शस्त्रविक्री, तेल आणि नाविक तळ यांची सांगड जिथे आहे तिथे समितीची शिफारस किती अंतर जाऊ शकते, याचे हे प्रामाणिक माप आहे.

श्रीलंकेच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे उमटले. राष्ट्रकुलाच्या भवितव्यावरील २०१२ च्या अहवालात समितीने म्हटले होते की मानवी आणि राजकीय हक्कांत खरी, टिकाऊ आणि स्वतंत्रपणे पडताळलेली सुधारणा झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत पंतप्रधानांनी कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला जाण्याची अनिच्छा जाहीर करावी. डेव्हिड कॅमेरॉन यांनी हे ऐकले नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ते कोलंबोला गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी बहिष्कार घातला होता आणि मनमोहन सिंगही गेले नाहीत. परंतु जाण्याचे समर्थन करायचे म्हणून कॅमेरॉन यांना जाफन्याला जावे लागले आणि मार्च २०१४ पर्यंत यादवी युद्धातील अत्याचारांची विश्वासार्ह चौकशी झाली नाही तर प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे नेऊ असे जाहीर बोलावे लागले. मार्चअखेर जिनिव्हातील मानवाधिकार परिषदेने आंतरराष्ट्रीय चौकशीचा ठराव २३ विरुद्ध १२ मतांनी संमत केला. तटस्थ राहिलेल्या १२ देशांत भारत होता. समितीचा सल्ला फेटाळण्याची किंमत म्हणून पंतप्रधानाला दुसरे काही कबूल करावे लागणे, हा संसदीय दबावाचा नेहमीचा पण क्वचितच मोजला जाणारा लाभ आहे.

ऑटवे यांच्या कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले प्रकरण हाँगकाँगचे. १९८४ च्या संयुक्त घोषणापत्राने ब्रिटन आणि चीन यांनी हाँगकाँगची राहणी १९९७ नंतर पन्नास वर्षे टिकवण्याचे ठरवले होते, आणि त्याला तीस वर्षे होत असताना समितीने २०१४ च्या उन्हाळ्यात त्याच्या पालनाची चौकशी हाती घेतली. चीनच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसच्या परराष्ट्र समितीने ही चौकशी थांबवण्याची मागणी करणारे पत्र ऑटवे यांना पाठवले. समितीने ते मानले नाही. त्या शरद ऋतूत हाँगकाँगचे विद्यार्थी खुल्या निवडणुकीच्या मागणीसाठी छत्र्या घेऊन रस्त्यावर बसले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस चिनी वकिलातीने कळवले की समितीचे सदस्य हाँगकाँगला आले तर त्यांना प्रवेश मिळणार नाही. २ डिसेंबर २०१४ रोजी कॉमन्समध्ये त्यावर तातडीची चर्चा झाली. याच सुमारास ऑटवे यांनी सभागृहाच्या नोंदीत एक गोष्ट आणली, जी प्रवेशबंदीपेक्षा जड होती : चीनच्या उपराजदूतांनी त्यांना सांगितले होते की संयुक्त घोषणापत्र आता लागू नाही, ते फक्त १९८४ ते १९९७ या काळापुरते होते. बीजिंगच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने हे घोषणापत्र ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ असल्याचे उघडपणे म्हटले ते जून २०१७ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांनी. समितीला हाँगकाँग पाहता आले नाही, मार्च २०१५ च्या तिच्या अहवालाने परराष्ट्र खात्याच्या गुळमुळीत भाषेवर टीका केली आणि त्या टीकेने काही हलले नाही. पण खात्याला पुढे ‘आम्हाला चीनचा हेतू ठाऊक नव्हता’ असे म्हणण्याची सोय उरली नाही.

चीनने त्या वेळी दिलेले कारण, की ही आमची अंतर्गत बाब आहे, भारतीय वाचकाला परके नाही. ८ मार्च २०२१ रोजी भारतातील शेतकरी आंदोलनावर वेस्टमिन्स्टरमध्ये चर्चा झाली, कारण एक लाखाहून अधिक सह्यांच्या ऑनलाइन याचिकेवर चर्चा घेण्याचा विचार तिथे करावा लागतो. भारतीय उच्चायुक्तालयाने त्या चर्चेचा निषेध केला आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत ब्रिटिश उच्चायुक्तांना परराष्ट्र सचिवांनी बोलावून घेतले. काश्मीरवरील चर्चांनाही भारताची प्रतिक्रिया अशीच तिखट असते. यात गंमत अशी, की ‘अंतर्गत बाब’ हा युक्तिवाद सर्वांत आधी मोडून काढणाऱ्यांत भारतीयच होते : मुंबईचे मंचरजी भावनगरी १८९५ ते १९०६ या काळात कॉमन्समध्ये असताना दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाचे प्रश्न विचारत राहिले, आणि १९४६ मध्ये भारताने तोच विषय संयुक्त राष्ट्रांत नेला. ब्रिटिश खासदारांच्या भाषणांत मतांचा हिशेब नसतो असे कोणी म्हणणार नाही. स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या मतदारसंघात तो असतोच. हेतू शुद्ध नसला तरी उत्तर नोंदले जाते, आणि पुढे उपयोगी पडते ते उत्तर.

नोंदीच्या पलीकडे जाण्याचा मार्ग खासदारांना २०१२ पासून सापडला तो असा, की परदेशातला जुलूम हा आपल्या घरातल्या कायद्याचा विषय करायचा. ७ मार्च २०१२ रोजी मागच्या बाकावरचे खासदार डॉमिनिक राब यांनी सर्गेई मॅग्नित्स्की या रशियन करसल्लागाराच्या कोठडीतील मृत्यूचा दाखला देऊन, अशा छळाला जबाबदार अधिकाऱ्यांचे व्हिसा आणि ब्रिटनमधली मालमत्ता रोखावी असा ठराव मांडला आणि तो मतदानाशिवाय संमत झाला. सरकारवर तो बंधनकारक नव्हता. पुढे २०१७ च्या गुन्हेगारी वित्त कायद्यात आणि २०१८ च्या निर्बंधविषयक कायद्यात खासदारांनी दुरुस्त्या घालून घेतल्या, आणि ६ जुलै २०२० रोजी निर्बंध लादलेली जी पहिली ४९ नावे जाहीर झाली त्यांत मॅग्नित्स्की प्रकरणातील २५ रशियन आणि पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येशी संबंधित २० सौदी नागरिक होते. ती यादी सभागृहात जाहीर करणारे परराष्ट्रमंत्री तेच राब होते. लंडनमधले घर आणि बँकेतले खाते गोठवणे हा पूर्णपणे ब्रिटनच्या अखत्यारीतला विषय असल्याने कोणत्याही राजधानीची परवानगी लागली नाही. चीनने मात्र त्याची परतफेड केली : शिनजियांगमधील अधिकाऱ्यांवर ब्रिटनने निर्बंध घातल्यावर मार्च २०२१ मध्ये पाच ब्रिटिश खासदारांवर चिनी निर्बंध आले, आणि पुढच्याच महिन्यात कॉमन्सने शिनजियांगच्या उइघुर मुस्लिमांवरील अत्याचारांना वंशसंहार म्हणणारा ठराव केला, ज्याला सरकारने पाठिंबाही दिला नाही आणि विरोधही केला नाही.

हाँगकाँगच्या बाबतीत घरातली ही किल्ली गृहखात्याकडे होती. तिथे चीनचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाल्यावर १ जुलै २०२० रोजी सरकारने संयुक्त घोषणापत्राचा भंग झाल्याचे सांगितले आणि ३१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज) हा जुना दर्जा असलेल्या हाँगकाँगवासीयांना ब्रिटनमध्ये राहण्याचा मार्ग खुला केला. समितीचा अहवाल सहा वर्षे पडून होता. व्हिसाच्या एका नियमाने त्याहून अधिक झाले.

हाच मार्ग उलट दिशेनेही जातो, आणि तिथे लूनर हाउसचा संबंध येतो. एका खात्याने एखाद्या देशाला मानवाधिकारांच्या बाबतीत चिंताजनक म्हणायचे आणि दुसऱ्या खात्याने त्याच देशातून आलेल्या माणसाला तुला धोका नाही असे कळवायचे, ही विसंगती खासदारांनी वारंवार पकडली आहे. क्रॉयडनच्या खासदारांकडे हा विषय परराष्ट्र समितीतून नव्हे, तर मतदारांच्या भेटीच्या वेळेत, नकारपत्राची प्रत हातात घेतलेल्या माणसाबरोबर येतो. ऑटवे यांच्यानंतर क्रॉयडन साउथमधून निवडून आलेले ख्रिस फिल्प पुढे गृहखात्यात स्थलांतरविषयक मंत्री झाले, म्हणजे एकाच मतदारसंघाने लागोपाठ टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपला माणूस बसवला. श्रीलंकेच्या तमिळांबाबत ही विसंगती सर्वांत उघडी पडली. आश्रय नाकारलेल्यांना खास विमानांनी कोलंबोला पाठवले जात होते, परतलेल्यांना कोठडीत छळल्याच्या तक्रारी येत होत्या, आणि परराष्ट्र खात्याच्या २०११ मधील मानवाधिकार कार्याचा आढावा घेताना ऑटवे यांच्या समितीने त्याबद्दल सरकारकडे विचारणा केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने नकार मिळालेल्या तमिळांची अशी एक पाठवणी थांबवली. परत गेलेल्या माणसांचे पुढे काय होते, यावर सरकारची भूमिका मात्र तीच राहिली : ब्रिटनचे संरक्षण लागत नाही असे ठरल्यावरच त्यांना पाठवलेले असल्यामुळे त्यांच्यावर नियमित देखरेख ठेवली जात नाही.