चार मतं दिली, मग चौघंही एकाच चिन्हाचे कसे आले?

१५ जानेवारी २०२६ ला आपण पुणे महापालिकेसाठी मतदान केलं. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, नगरसेवक नव्हतेच. त्यामुळे आमच्या गटातल्या बायका सकाळी डबे करून, आवरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. निकालानंतरच्या आठवड्यात बैठकीत बचत गोळा करताना एक काकू म्हणाल्या, "अगं, मी चार बटणं दाबली. दोन इकडं, दोन तिकडं, चांगला विचार करून. तरी चौघंही एकाच चिन्हाचे आले. मग चार कशाला लागतात गं?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून आज तयारी करून आले आहे. आपल्या केंद्रावर पक्षाचं नाव घ्यायचं नसतं, आणि हे गणित समजायला नावं लागतही नाहीत.

पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. चाळीस प्रभाग चार-चार जणांचे, एक पाच जणांचा. प्रत्येक प्रभागात जागा अ, जागा ब, जागा क, जागा ड. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, हे तुम्ही मशीनवर बघितलं असेल. तो रंगच खरी गोष्ट सांगतो. प्रभागात एक निवडणूक नसते, चार वेगवेगळ्या निवडणुका असतात, एकाच दिवशी, एकाच खोलीत. 'अ'मध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, 'ब'मध्ये ज्याला सगळ्यात जास्त तो आला. आणि चारही ठिकाणी मत देणारी माणसं तीच. त्या माणसांत जो घोळका सगळ्यात मोठा, तो 'अ'लाही मोठा आणि 'ड'लाही मोठा. तो निम्म्याहून लहान असला तरी चालतं, बाकीच्यांपेक्षा मोठा असला की झालं.

हे मला पुस्तकातून नाही, आमच्या वस्तीस्तर संघातून कळलं. आमच्या संघात चौदा गट आहेत. वरच्या गल्लीत सहा, खालच्या गल्लीत पाच आणि कालव्याकडेला तीन. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी चार पदं निवडायची होती. एकेक पद घेतलं, हात वर करायला लावले. समजा वरच्या गल्लीच्या ६० बायका, खालच्या गल्लीच्या ५० आणि कालव्याकडेच्या ३०, अशा १४० जणी. अध्यक्षाला ६० हात वरच्या गल्लीचे, सचिवाला तेच ६० हात, कोषाध्यक्षालाही तेच. चारही पदं वरच्या गल्लीत गेली. कोणी लबाडी केली नाही, कोणी पैसे वाटले नाहीत. १४० पैकी ८० जणींचं मात्र कोणीच आलं नाही.

त्याचं पुढे काय झालं, ते सांगते. प्रशिक्षणाला कोण जाणार, बँकेत कोण जाणार, फिरत्या निधीचा अर्ज कोणाचा आधी, हे सगळं वरच्या गल्लीतल्या ओट्यावर ठरायला लागलं. कालव्याकडेच्या बायकांना निरोप मिळायचा तो तारीख उलटल्यावर. मुद्दाम नाही, पण ओट्यावर त्यांचं कोणी नसायचं ना. सात-आठ महिन्यांत त्या तीन गटांपैकी दोन गटांनी बैठकीला येणं सोडलं. समन्वयक मी होते. निवडीची पद्धत मीच घालून दिली होती, त्यामुळे दोष द्यायचा तर मलाच.

आता याच १४० जणी आणि याच चार जागा दुसऱ्या पद्धतीने बघू. तिला प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात, म्हणजे जितकी माणसं त्या मानाने जागा. जागा वेगवेगळ्या करायच्या नाहीत. चारही एकत्र ठेवायच्या. प्रत्येकीचं मत एकच, पण चिठ्ठीवर नावांपुढे पसंती लिहायची: पहिली, दुसरी, तिसरी. निवडून यायला किती मतं लागतील? १४० ला पाचाने भागा, म्हणजे जागांपेक्षा एकाने जास्त. आले २८, त्यात एक मिळवा, २९. हा झाला कोटा. एकोणतीसच का, तर २९ मतं पाच जणींना मिळूच शकत नाहीत, जास्तीत जास्त चौघींनाच मिळतील. वरच्या गल्लीच्या ६० मतांत असे दोन कोटे बसतात, खालच्या गल्लीच्या ५० मध्ये एक, कालव्याकडेच्या ३० मध्ये एक. दोन, एक, एक. चार जागा भरल्या, आणि ओट्यावर तिन्ही गल्ल्यांची बाई बसली.

पसंतीचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. एखादीला २९ पेक्षा जास्त मतं पडली, तर जास्तीची मतं वाया जात नाहीत, चिठ्ठीवरच्या पुढच्या पसंतीला जातात. जिला सगळ्यात कमी पडली ती बाद होते, आणि तिच्या चिठ्ठ्याही पुढच्या पसंतीला जातात. जागा भरेपर्यंत असंच.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. राज्यसभेवर आमदार अशाच पसंतीने खासदार पाठवतात. ज्या ग्रॅज्युएट आहेत आणि ज्यांनी पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलं आहे, त्यांनी जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ लिहिलं असेल. तिथे जागा एकच असते, म्हणून वाटणी होत नाही, पण पसंती लिहायची रीत हीच.

आणि खुद्द महापालिकेच्या आतही प्रमाण पाळतात बरं का! पैशाचे निर्णय घेणारी स्थायी समिती सोळा जणांची. ती कायद्याने पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात भरायची असते. २०१७ च्या सभागृहात १६२ पैकी साधारण साठ टक्के जागा असलेल्या पक्षाला सोळापैकी दहा मिळाल्या, सगळ्या सोळा नाही. दुसऱ्या पक्षाला चार, आणखी दोघांना एकेक. स्वीकृत सदस्यही याच प्रमाणात घेतात. म्हणजे नगरसेवकांची आपापसातली वाटणी मापाने होते. ते माप आपल्या दारापर्यंत का येत नाही, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

जुनी एक गोष्ट आपल्या पुण्याला अगदी जवळची आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा ठरल्या. पुढे १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात, जिथे एकाहून जास्त जागा होत्या तिथे, मतदाराला जागांइतकी मतं असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. तीन जागा असतील तर तीनही मतं आपल्या एकाच माणसाला. संख्येने थोडे असलेल्यांनी मतं एकवटली की त्यांचा माणूस यायचा. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे त्या निवडणुकीत दहाहून जास्त उमेदवार आले. अर्थात तेव्हा मताचा हक्क सगळ्यांना नव्हता, मालमत्ता किंवा शिक्षण लागायचं. पण बघा, तेव्हाची मतं एकवटता येत होती. आपली चार मतं चार खोक्यांत वाटून टाकावीच लागतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाबासाहेबांनीच पुढे घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला. लोक मोठ्या प्रमाणात साक्षर असल्याशिवाय ही पद्धत चालत नाही, आणि सभागृहात फार तुकडे पडले तर सरकार टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. साक्षरतेचा मुद्दा आता तेवढा उरला नाही असं मला वाटतं. तुकड्यांचा मात्र आहे. शिवाय महापालिकेत अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. पसंतीच्या मोजणीत हे आरक्षण बसवायला वेगळे नियम करावे लागतील. करता येतात, पण सोपे नाहीत.

स्कॉटलंडमध्ये २००७ पासून नगरपरिषदा पसंतीच्या मतानेच निवडतात, आणि त्यांचे प्रभागही आपल्यासारखे तीन-चार जणांचे. ग्लासगो शहरात २००३ ला जुन्या पद्धतीने एका पक्षाला निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा मिळाल्या होत्या. पद्धत बदलल्यावर २००७ ला त्याच पक्षाला ४५ मिळाल्या. सत्ता त्याच्याकडेच राहिली, पण समोर प्रश्न विचारणारी माणसं बसली.

आपल्याकडे प्रभाग किती जणांचा हे बदलत राहतं. २००२ ला तीन जणांचा, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ पासून चौघांचा. मुंबईत एकाचाच. हे राज्याच्या कायद्यात ठरतं, महापालिकेत नाही. तेव्हा हा प्रश्न नगरसेवकाला विचारून उपयोग नाही, आमदाराला विचारायला हवा.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी दोन मतं फुकट गेली." फुकट नाही गेली काकू, मोजली गेली. पण त्यांच्या वाटणीला माणूस आला नाही, हे खरं.

आमच्या संघाची निवड आम्ही पुन्हा घेतली, चिठ्ठ्यांवर. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी उमेदवारांच्या नावांऐवजी कप, छत्री, कंदील, घागर अशी चित्रं काढली होती. मोजणीला पावणेदोन तास लागले, चहा दोनदा झाला. एक मावशी मध्येच म्हणाल्या, "माझी चिठ्ठी या ढिगातून त्या ढिगात का नेली?" त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. निकाल कागदावरच्यासारखाच, दोन, एक, एक. फक्त वरच्या गल्लीची दुसरी बाई आम्हाला वाटली होती ती नव्हती. इतर गल्ल्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर एक वेगळीच आली, जी सगळ्यांबरोबर बँकेत जाते. पदं मग चौघींनी आपसांत ठरवली, कोषाध्यक्ष कालव्याकडेची झाली.

बैठक सोडलेल्या दोन गटांपैकी एकाचा फिरत्या निधीचा अर्ज त्याच महिन्यात गेला. दुसरा गट अजून आलेला नाही. पुढच्या मंगळवारी मी आणि नव्या कोषाध्यक्ष त्यांच्याकडे जाणार आहोत.