द्रावणाचा धडा आणि ओआरएसचे पाकीट

विज्ञान शाखेत गेलेली आमची मुले पहिल्याच वर्षी का कोमेजतात, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. उत्तर शोधायचे तर रसायनशास्त्राच्या पुस्तकातील 'सोल्यूशन्स' हा धडा उघडावा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला द्रावण ठाऊक असते, द्राव्य आणि द्रावकही ठाऊक असतात. महाविद्यालयात गेल्यावर तीच वस्तू सोल्यूट आणि सॉल्व्हंट नावाने समोर येते, पाठोपाठ मोलॅरिटी, मोलॅलिटी येतात, आणि ओळखीचे घर परके होते. मुलगा समजतो की आपल्याला डोकेच नाही. शिकवणीवाले त्याचा हा समज दूर करीत नाहीत, कारण त्यांचा धंदा त्यावरच चालतो!

डोक्याचा इथे काही संबंध नाही. अडचण छेदाची आहे. कशाला भागायचे, एवढाच प्रश्न. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य. मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकात किती मोल. साध्या मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा. हे मीठ एक लिटर पाण्यात टाकले की एक मोलर द्रावण झाले, असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात आणि गुण गमावतात. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचे, मग फ्लास्कच्या मानेवरील खुणेपर्यंत पाणी भरायचे. लिटर द्रावणाचा, पाण्याचा नव्हे. ज्याने हे एकदा हाताने केले तो विसरत नाही. पण प्रयोगशाळेत एका फ्लास्कभोवती दहा विद्यार्थी उभे असतील, तर हात लावायला मिळतो कोणाला? मागे कोण उभा राहतो, हे आम्ही सांगायला नको.

राउल्टचा नियम, हेन्रीचा नियम हे पाठ करून भागते. खरा कस लागतो तो कणांच्या मोजणीत. साखर विरघळली तरी तिचा रेणू अखंड राहतो. मीठ विरघळले की एकाचे दोन कण होतात, सोडियम आणि क्लोराइड. ही गोष्ट १८८४ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस या विद्यार्थ्याने उप्साला विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडायला घेतली, तेव्हा परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षकांच्या श्रेणीविषयी आम्ही अधिक काही लिहीत नाही.

आता हे ज्ञान कुठे लागते ते पाहा. दवाखान्यातील सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. ९ ला ५८.५ ने भागा, ०.१५४ मोल येतात. एकाचे दोन कण, म्हणून दुप्पट करा: हिशेबाने ३०८ मिलिऑस्मोल. आपल्या रक्तात हा आकडा सुमारे २९० आहे. दोन्ही जवळपास सारखे, म्हणून रक्तपेशी फुगत नाहीत की आकसत नाहीत. साधे पाणी थेट शिरेत सोडले तर परासरणाने पेशीत पाणी शिरून ती फुटेल.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीने माणसे मरत होती आणि सलाईन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून लोकांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जाते आणि पाणी त्यांच्यामागे जाते, एवढीच किमया. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मृत्यूनंतर.

जागतिक आरोग्य संघटनेचे पूर्वीचे मिश्रण ३११ मिलिऑस्मोलचे होते. २००२ मध्ये ते २४५ वर आणले गेले. आजच्या पाकिटात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पण एक लिटरचे पाकीट आई घाईत एका २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालवते, तेव्हा काय होते? तीव्रता पाचपट, म्हणजे १२०० च्या वर. मग पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. पाकिटावर सूचना छापलेली असते, पण ती बारीक अक्षरात असते आणि रात्री दोन वाजता ती वाचायची कोणी?

म्हणून वस्तीतील अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. अकरावी-बारावीच्या आणि प्रथम वर्षाच्या मुलांना या धड्यासाठी दोन रविवार द्या. शब्दांची जोडयादी भिंतीवर लावा: द्राव्य-सोल्यूट, संहती-कॉन्सन्ट्रेशन, परासरण-ऑस्मोसिस. वजनकाटा कोणाकडून तरी मागून आणा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातील मुलांनी आपल्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणावा आणि त्यातील लिटरमागील मिलिग्रॅमचे मोल करावेत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घनपदार्थांची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, तीही शेजारी लिहावी. आणि पहिल्या रविवारी फळ्यावर हेच गणित घालावे: वरच्या चार वजनांवरून सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सायट्रेट आणि ग्लुकोज यांचे मिलिमोल वेगवेगळे काढा. सायट्रेटच्या एका रेणूतून सोडियमचे तीन कण सुटतात, हे विसरू नका. त्याचे रेणुवस्तुमान, स्फटिकातील पाणी धरून, २९४ घ्या. बेरीज २४५ च्या आसपास यायला हवी.