पिपेटची परीक्षा

सकाळी 8. लॅबचे मदतनीस मामा बॅलन्स रूम उघडतात. डिस्टिल्ड वॉटर आणि तपासायचं काचसामान कालपासून इथेच आहे, कारण पाणी, काच आणि हवा एका तापमानाला यायला वेळ लागतो. थर्मामीटर 27 अंश दाखवतोय. आजच्या पिपेटवरही 27 अंशच छापलेलं आहे. काही काचसामानावर 20 असतं, म्हणून ते आधी वाचून वहीत लिहायचं.

8.30. पिपेटमधून पाणी सोडून बघते. काचेवर अखंड पातळ थर राहिला तर ती स्वच्छ. थेंब थबकले तर चिकटपणा आहे, पुन्हा साबणाचं पाणी. पूर्वी यासाठी क्रोमिक ॲसिड असे. ते विषारी, आम्ही बंद केलं आणि चांगलंच केलं.

9. बॅलन्सचा बुडबुडा मधोमध आणून प्रमाण वजन ठेवून पाहते.

9.30. आता 25 मिलीची पिपेट. रेघेच्या वर पाणी ओढायचं, टोक पुसायचं, मग मेनिस्कसचा, म्हणजे पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा, तळ डोळ्यांच्या पातळीत रेघेला टेकवायचा. पिपेट वरच्या दांडीलाच धरायची, मधल्या काचेच्या फुग्याला हात लावला की आतलं पाणी तापतं. बुचाच्या, आधी वजन केलेल्या फ्लास्कच्या भिंतीला टोक टेकवून पाणी आपोआप उतरू द्यायचं.

"मॅडम, शेवटचा थेंब फुंकू का?" एम.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारते.

"नको गं. तो आत राहणार हे धरूनच रेघ मारलीय."

बुच लावून वजन: 24.862 ग्रॅम. तिचा चेहरा उतरतो. पण एक मिली म्हणजे एक ग्रॅम हे शाळेतलं गणित इथे चालत नाही. 27 अंशांना पाणी प्रसरण पावलेलं असतं, घनता 0.9965. शिवाय हवा पाण्याला उचलून धरते. स्टीलच्या वजनांना त्या मानाने फारच कमी. दोन्ही मिळून गुणक 1.0045. गुणाकार 24.97 मिली. क्लास ए, म्हणजे वरच्या दर्जाच्या, पिपेटला 0.03 मिली कमी-जास्त चालतं, म्हणजे पास, पण काठावर. पुन्हा भरायचं, पुन्हा वजन करायचं. आकडे एकमेकांशी जुळले तरच मी सही करते. या कामात काचेइतकाच हातही तपासला जातो, आणि नव्या मुलांना ते याच टेबलावर कळावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी 1. जेवण.

2. 100 मिलीचा फ्लास्क. हा आत मावणाऱ्या पाण्यावर आखलेला, म्हणून आधी कोरडा हवा. रेघेच्या वर चिकटलेले थेंब फिल्टर पेपरच्या सुरळीने टिपायचे. लवकर होतो.

3. ब्युरेट. हिच्या नळीची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही, म्हणून दर 10 मिलीला वजन. अर्धा मिनिट थांबून, भिंतीवरचं पाणी खाली आलं की वाचायचं. 30 मिलीच्या खुणेवर खरं पाणी 30.03 निघतं. क्लास एच्या 0.05 च्या आत आहे, तरी मी दुरुस्तीचा आलेख काढून ब्युरेटच्या क्रमांकासह कपाटाच्या दारावर चिकटवते. उद्या टायट्रेशनला ही घेणाऱ्याने 30 च्या वाचनात 0.03 मिळवायचे आहेत.