कोहळ्याची राख पुसू नका

आश्विन सरत आला की रायपूरच्या जुन्या मोहल्ल्यांत कवेलूंच्या छपरांवर कोहळे दिसू लागतात. पानं गळालेली, वेल वाळत चाललेली आणि मधेच राखाडी रंगाची चार-सहा फळं निवांत पहुडलेली. छत्तीसगढीत त्यांना म्हणतात रखिया. तात्यापारा, चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत रखियाचा कोहळा होतो आणि बरीचे सांडगे होतात. काम मात्र तेच. त्या कामाभोवतीचे गैरसमजही दोन्ही घरांत सारखेच आढळतात.

फळ उतरवलं की आधी धुवून, पुसून लख्ख करायचं, हा त्यातला पहिला. कोहळ्यावरची पांढरी भुकटी ही धूळ नसते. ते मेण असतं. कोवळ्या कोहळ्यावर लव असते. फळ जून होत जातं तशी ती झडते आणि सालीवर मेणाचा थर चढतो. हा थर आतलं पाणी उडू देत नाही आणि बुरशीला आत शिरू देत नाही. म्हणून ही राख चांगली चढू द्यावी, दोन-तीन बोटं देठ ठेवून फळ कापावं आणि न आपटता, न धुता कोरड्या, हवेशीर जागी ठेवावं. असा कोहळा महिनोन्‌महिने टिकतो. तांबड्या भोपळ्याचंही जवळपास असंच. उतरवल्यावर आठ-दहा दिवस तो उबदार, कोरड्या सावलीत राहिला की साल टणक होते, बारीक ओरखडे भरून येतात. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवणं त्याला सोसत नाही. १० अंशांखालच्या थंडीत तो आतून खराब होऊ लागतो.

आता सांडगे. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, “ऑक्टोबरचं ऊन काय कडक आहे, आताच घालून टाका.” ऊन कडक असतं हे खरं, पण वाळवण उन्हाइतकंच हवेच्या कोरडेपणावर वाळतं. मोसमी पाऊस रायपूरहून साधारण ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास परततो. तोवर जमीन ओली, भाताच्या बांध्यांत पाणी आणि हवेत दमटपणा असतो. शिवाय बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हाच काळ. २०१३ मध्ये फायलिन आणि २०१४ मध्ये हुदहुद, दोन्ही नेमकी १२ ऑक्टोबरलाच किनाऱ्याला धडकली. हुदहुदचं उरलंसुरलं तर छत्तीसगडवरूनच उत्तरेकडे सरकलं. अशा वेळी उडदाच्या ओल्या पिठात किसलेला कोहळा घालून केलेला सांडगा वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओलाच राहतो आणि दोन दिवसांत आंबतो.

म्हणून इथल्या म्हाताऱ्या बायका कार्तिक सरेपर्यंत थांबतात. थंडीत ऊन कोवळं असलं तरी हवा कोरडी असते आणि ती ओल ओढून घेते. डाळ रात्रभर भिजवून पहाटे वाटायची, हलकी होईपर्यंत फेटायची आणि वाटीभर पाण्यात थेंब टाकून तो तरंगतो का ते पाहायचं. तरंगला म्हणजे पिठात पुरेशी हवा भरली. असा सांडगा आतून जाळीदार होतो, त्यामुळे आतपर्यंत वाळतो आणि शिजतानाही रस्सा पितो. सकाळी लवकर घातले की संध्याकाळपर्यंत वरची साल धरते. रात्री दव पडण्याआधी ते उचलून घरात आणायचे. या रीतीला मी नुसती जुनी सवय म्हणणार नाही. रायपूरची हवा ओळखून ती बसवलेली आहे.

वांग्याच्या फोडींचा खोइला वाळला की नाही, हे बोटांनी नीट कळत नाही. काचेच्या बरणीत तो पाऊणच भरावा, झाकण लावून आठवडाभर रोज हलवून पाहावं. काचेला आतून ओल दिसली तर पुन्हा ऊन द्यावं. हरभऱ्याच्या किंवा लाखडीच्या पाल्याचा सुक्सा मात्र भर उन्हात करू नये, कारण उजेडाने त्यातलं कॅरोटीन झडतं. उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून सावलीत वाऱ्यावर वाळवला तर रंगही राहतो आणि गुणही.

ज्या गैरसमजाची मला खरोखर भीती वाटते, तो असा: “थोडी बुरशी आलीय, पुसून ऊन दाखवलं की झालं.” मका, शेंगदाणे, मिरची यांवर येणारी एक हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरशी पुसली जाते, विष आत मुरलेलं राहतं. शिजवून किंवा भाजून ते पूर्ण जात नाही आणि ऊन दाखवणं हाही भरवशाचा उपाय नव्हे. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन यकृताच्या आजाराने शंभराहून अधिक माणसं दगावली. तो मका त्यांच्या घरचाच होता. बुरशी आलेलं धान्य-दाणे जनावरांनाही घालू नयेत. विष दुधात उतरतं.

“लोणचं तेलाने टिकतं” हेही अर्धंच खरं. तेल हवा अडवतं, त्यामुळे वरची बुरशी थांबते. टिकवण्याचं काम मीठ आणि आंबटपणा करतात. किलोभर लिंबांना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतं ते चवीपुरतं नव्हे. मीठ निम्मं करून वर तेल ओतलं तर ते लोणचं फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावं. नुसता सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं तर धोक्याचंच, कारण बोटुलिझमचा जंतू हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागीच वाढतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले होते. या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. ते मारायला १२१ अंशांची वाफ लागते. म्हणून शेंगा किंवा मटार घरी उकळून बरणीत भरून ठेवू नयेत. टोमॅटोच्या रसात मात्र लिंबू पिळून आंबटपणा वाढवता येतो.

आवळी नवमीच्या सुमारास मोरावळ्याची तयारी सुरू होते. आवळ्यातलं क जीवनसत्त्व शिजवलं तरी जात नाही, असं सगळीकडे ऐकू येतं. जातं, पण सावकाश. आवळ्यातली तुरट द्रव्यं त्याला काही अंशी सांभाळतात. हे जीवनसत्त्व पाण्यातही उतरतं, तेव्हा आवळे उकडलेलं पाणी मोरीत न ओतता पाकातच घालावं. साखर कमी केलेला मोरावळा जास्त आरोग्यदायी वाटतो खरा, पण पाक फळातलं पाणी बांधून ठेवतो तो साखरेच्याच जोरावर. बाजारातल्या जॅममध्येही किमान ६५ टक्के विद्राव्य घन पदार्थ असावे लागतात, त्यात मुख्य वाटा साखरेचाच.

सीताफळाचं गणित वेगळं. कांकेरची सीताफळं याच दिवसांत रायपूरला येतात आणि परसातलं झाडही लगडलेलं असतं. डोळे फुगून त्यांच्यामधली फट पिवळसर पांढरी झाली की तोडावं; त्याआधी तोडलेलं नीट पिकतच नाही. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवलं तर काळं पडून बसतं. गराचा जॅम करायचा मोह टाळावा, कारण तापवला की तो कडवट होतो. साठवायचाच तर बिया काढून गर थेट गोठवावा.

दुधी कापल्यावर जिभेवर कण ठेवून पाहावा. कडू लागला तर फेकून द्यावा. शिजवून, वाळवून किंवा रस काढून त्या कडूपणातलं विष जात नाही. अशा रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हाच इशारा दिला होता.

कोहळा किसून झाला की उरतात बिया. बऱ्याच मराठी घरांत त्या सालीबरोबर जातात. शेजारच्या छत्तीसगढी घरात त्या धुवून, तीळ आणि उडदाच्या पिठात मिसळून त्यांची बिजौरी होते. तळली की कुरकुरीत लागते. मूठभर बिया मात्र आधीच बाजूला काढाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवाव्यात. पुढच्या आषाढात छपराखाली लावायला.