एक्स-रेचे पाकीट आणि संगणकाचे कपाट

नेरहून यवतमाळला किंवा अमरावतीला मोठ्या दवाखान्यात निघालेल्या रुग्णाबरोबर एक मोठे पाकीट हमखास असते. त्यात एक्स-रे, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि रिपोर्ट. हे पाकीट एसटीत राहिले किंवा पावसात भिजले, की तपासणी पुन्हा करावी लागते. पुन्हा खर्च, पुन्हा बुडालेली मजुरी आणि शरीरात पुन्हा क्ष-किरण. सीटी स्कॅनमध्ये त्यांची मात्रा साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असते.

तोटा एवढाच नाही. फुप्फुसावरचा डाग नवा आहे की जुन्या क्षयरोगाचा व्रण, हे ठरवताना आधीचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहणे फार मोलाचे असते.

यासाठी क्ष-किरण विभागात दोन संगणक प्रणाली लागतात. पहिली 'आरआयएस'. रुग्णाचे नाव, तपासणीची वेळ, रिपोर्ट कोणी लिहिला, या साऱ्या नोंदी ती सांभाळते. दुसरी 'पॅक्स', म्हणजे प्रतिमांचे कपाट. यंत्रातून निघालेली प्रतिमा थेट तिथे जाते आणि डॉक्टरांना पडद्यावर दिसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून १९९३ पासून 'डायकॉम' हे जागतिक मानक आहे. त्यात प्रतिमेसोबतच रुग्णाचे नाव, तारीख आणि तपासणीचा तपशील नोंदलेला असतो.

मग मोबाइलवर फोटो काढून पाठवला तर काय बिघडले? सीटीच्या प्रतिमेत सुमारे चार हजार करड्या छटा नोंदता येतात. मोबाइलच्या साध्या फोटोत २५६. डॉक्टर हाडासाठी, फुप्फुसासाठी, मेंदूसाठी वेगळ्या छटा उजळून पाहतात. फोटोत ती सोय उरत नाही. सीटीचा एक छेद साधारण अर्धा एमबीचा असतो. असे पाचशे छेद म्हणजे अडीचशे एमबी. म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी यंत्राइतकेच इंटरनेटही भरवशाचे हवे.

मात्र संगणक आणून ठेवला म्हणजे काम झाले, असे नाही. एकाच रुग्णाचे नाव दोन स्पेलिंगने नोंदले गेले, की जुना एक्स-रे सापडत नाही. दोन रुग्ण एकाच नावाचे असले, तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे नोंदणीच्या खिडकीवरचा कर्मचारी इथे डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा. वीज गेल्यावर काय करायचे, माहितीची दुसरी प्रत कुठे ठेवायची, कोणाला काय पाहू द्यायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक वर्षे वापरात असलेली 'एचएमआयएस' प्रणाली २०२२ मध्ये थांबली, तेव्हा कर्मचाऱ्यांवर पुन्हा कागद-पेन हाती घेण्याची वेळ आली. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. प्रणाली बदलली तरी जुनी माहिती रुग्णालयाच्याच ताब्यात आणि मानक स्वरूपात राहिली पाहिजे.

तोवर आपण काय करावे? तपासणीनंतर फिल्मसोबत डायकॉम स्वरूपातील सीडी किंवा लिंक मागून घ्यावी. रिपोर्टवरचे नाव, वय आणि डावी-उजवी बाजू तिथेच तपासावी. चौदा अंकी 'आभा' क्रमांक असल्यास नोंदणीच्या वेळी सांगावा. आणि जुना एक्स-रे टाकून देऊ नये. पुढच्या डॉक्टरांना कदाचित तोच सर्वांत आधी पाहायचा असेल.